बोटाचे कुलूप

कुलूप ही वस्तू मला नेहमीच थोडी विनोदी वाटत आली आहे. अट्टल चोराला ते उघडता येते, आणि सज्जनाच्या मनात ते उघडण्याचे येतच नाही. मग आपण ते लावतो तरी कुणासाठी? पुष्कळ वर्षे मी हा प्रश्न गमतीने विचारीत असे. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्याचे उत्तर खरोखरच शोधण्याची वेळ माझ्यावर आली, आणि तीही एका बंदुकीच्या निमित्ताने.

बंदूक वडिलांची. बारा बोअरची, दुनळी. चिंचणी-तारापूरच्या बाजूला आमची लहानशी वाडी आहे. नारळ, चिकू, कडेने थोड्या केळी. रात्री डुकरे यायची, दिवसा वानरे. म्हणून वडिलांनी १९६६ साली शेतीसंरक्षणाचा परवाना काढला. तारापूरचे अणुवीज केंद्र, देशातले पहिले, १९६९ साली सुरू झाले. आमची बंदूक त्याच्याहून तीन वर्षांनी वडील! एकीकडे अणू फोडायची तयारी चाललेली आणि पाच-सहा मैलांच्या आत वडील माडाखाली उभे राहून वानरांना भिववण्यासाठी आभाळात बार काढताहेत, हे चित्र आठवले की मला अजून मौज वाटते. माझ्या माहितीत त्या बंदुकीने एकही जनावर मारलेले नाही. तिचे काम आवाजाचे. तो आवाज मात्र असा की तारेवरचे कावळे उडून जात आणि आम्ही पोरे कानांवर हात ठेवून, डोळे मिटून, तरीही पुढेच सरकत असू.

घरात ती माळ्यावर, एका शिसवी पेटाऱ्यात असे. पेटाऱ्याला कुलूप होते आणि त्याची किल्ली देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीमागे खिळ्याला टांगलेली असे. हे घरातले मोठे गुपित. ते वडिलांना ठाऊक होते, आईला ठाऊक होते, आम्हा भावंडांना ठाऊक होते, आणि मला वाटते, नारळ उतरवायला येणाऱ्या पाडेल्यालाही ठाऊक होते.

२०२२ च्या पावसाळ्यात वडील गेले. माणूस गेला की त्याचे धोतर, चष्मा, काठी घरातच राहतात. बंदूक राहू शकत नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. बाराव्या-तेराव्याची पाने उठली आणि धाकटा भाऊ व मी ती घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, जमा केली, पावती घेतली. परत येताना भाऊ म्हणाला, “दादा, बाबांना दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटतंय रे.”

पुढे वारस म्हणून मी परवान्यासाठी अर्ज केला. त्या जुन्या परवान्याच्या पुस्तकावर अठ्ठेचाळीस वर्षे ठाण्याचे शिक्के आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तिथपासून पालघरचे. शस्त्रांचा कायदा १९५९ चा आणि त्याखालचे हल्लीचे नियम २०१६ चे. अर्जदाराने हत्यार हाताळण्याचे शिक्षण घ्यावे आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी, असे या नियमांत आहे. कोणती तिजोरी, कसले कुलूप, हे ज्याचे त्याने पाहावे.

“विकून टाका ना सरळ,” असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. ते चूक होते असे मी म्हणणार नाही. परवाना असलेल्या विक्रेत्याला बंदूक देता येते आणि मोकळे होता येते. मी वानरांचे कारण पुढे केले. वानरे अजून येतात हे खरेच आहे; पण वाडीत फटाका लावला तरी ती पळतात हेही खरे. बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर एक जागा वडिलांच्या गालाने गुळगुळीत झाली आहे. ती जागा दुसऱ्या कुणाच्या घरी जावी असे मला वाटेना. हे कारण मला पटण्यासारखे होते. तिला ते पटले नाही, पण समजले.

मग तिजोरी पाहण्याचे सत्र सुरू झाले. पालघर स्टेशनजवळच्या एका दुकानात आम्ही प्रथम गेलो. हल्ली बोट लावून उघडणाऱ्या तिजोऱ्यांची फार चलती आहे. दुकानातला मुलगा हुशार होता. त्याने एक काळी, चकचकीत पेटी पुढे ओढली, काचेच्या लहानशा चौकोनावर बोट टेकवले, हिरवा दिवा लागला, आत ‘खट्’ झाले आणि दार उघडले. “काका, तीस बोटं बसतात यात! सगळ्या घराची नोंदवून टाका.” एकत्र कुटुंबपद्धती अजून कुठे तरी शाबूत आहे हे पाहून मला बरे वाटले. अडचण एवढीच की ज्या वस्तूसाठी ही पेटी घ्यायची तिच्यासाठी कायद्याला एकच बोट मान्य आहे. परवाना नवऱ्याचा असला म्हणून बायकोला बंदूक हाताळण्याचा अधिकार येत नाही. मुलगा, सून, भाऊ यांचे तर नावच नको. तीस बोटांची ती उदारता दागिन्यांसाठी ठीक.

दुसरी अडचण लांबीची. या पेट्या दागिन्यांसाठी, नोटांसाठी किंवा फार तर पिस्तुलासाठी बेतलेल्या. आमच्या बंदुकीच्या नुसत्या नळ्याच अठ्ठावीस इंच. दस्ता आणि नळ्या सोडवून वेगळ्या केल्या तरी त्या पेटीत तिरप्यासुद्धा मावेनात. मुलाने अगदी मनापासून विचारले, “काका, नळी थोडी कमी नाही का करता येणार?” परवानगीवाचून बंदुकीची नळी आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले. त्याने चटकन पेटीवर फडके मारले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतरचे काही आठवडे मी या बोटाच्या कुलपाचा अभ्यासच मांडला. जन्मभर शाळेत शिकवले. समजून घेतल्यावाचून पैसे टाकायची सवय नाही. आपली समजूत असते की त्या काचेमागे आपल्या बोटाचे चित्र असते. तसे नसते. बोटावरच्या रेघा कुठे संपतात, कुठे फाटा फुटतो, त्या ठिकाणांची खूण तेवढी ते यंत्र टिपून ठेवते. पुन्हा बोट ठेवले की नव्या खुणा जुन्या खुणांशी ताडून पाहते. आणि यातली खरी मेख अशी, की ‘हा तोच’ असे ते कधीच म्हणत नाही. ‘हा पुरेसा त्याच्यासारखा आहे’ इतकेच म्हणते. ‘पुरेसा’ म्हणजे किती, ते बनवणाऱ्याने ठरवायचे. माप सैल ठेवले तर परक्याला दार उघडते, घट्ट ठेवले तर मालकच बाहेर राहतो. स्वस्त मालात ते बहुधा सैल असते. मालक बाहेर राहिला तर तो दुकानात येऊन भांडतो, परका आत गेला तर कुणी येऊन सांगत नाही.

सैलपणाहूनही भयंकर एक गोष्ट अमेरिकेत निघाली. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या ग्राहकसुरक्षा खात्याने अशा सुमारे ६१,००० बंदूक-तिजोऱ्या परत मागवल्या. त्यांत कुणाचे बोट नोंदवायचे राहिले, किंवा मालकाला नुसते वाटले की नोंदले गेले, तर ती तिजोरी कोणत्याही बोटाला उघडत असे. तिचा हिरवा दिवा सर्वांसाठी सारखाच लागायचा. त्या तिजोरीतून मिळालेल्या बंदुकीने एक बारा वर्षांचा मुलगा दगावल्याचा दावाही कोर्टात गेला होता. खात्याने लोकांना सांगितले ते असे: बोटाची सोय बंद करा, बॅटऱ्या काढून टाका आणि साधी किल्ली वापरा. हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. आमचा नातू दहा वर्षांचा आहे. सुट्टीत येतो आणि आल्याआल्या घरातले एकूण एक बटण दाबून पाहतो.

बोट आणि कुलूप यांची गाठ पडायला तसा फार काळ लागला. १८९७ साली मुंबईत लालबागला अर्देशर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला, आणि त्याच वर्षी कलकत्त्याला बोटांच्या ठशांची पहिली कचेरी उघडली. ठशांची वर्गवारी लावण्याचे डोके अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी माणसांचे; नाव मात्र हेन्रीसाहेबांचे लागले. दोन्ही उद्योग शंभर वर्षे आपापल्या वाटेने चालले.

आमच्या भागात मात्र अंगठ्याची ओळख त्याहून निराळी. इथल्या वारल्याने सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायचा, कागदात काय लिहिले आहे ते सावकाराला ठाऊक. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जोडपीच्या जोडपी वेठीला राबत; त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली डहाणू-तलासरी-उंबरगावकडे वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला तेव्हा कुठे ती मोडली. ज्या अंगठ्याने माणूस अडकत असे त्याच अंगठ्याने आता दार उघडते, असे एखाद्या भाषणात म्हणायला ठीक आहे. पण आमच्या वाडीवर कामाला येणारा म्हातारा गडी रेशनच्या दुकानातून कितीदा तरी रिकाम्या पिशवीने परत आलेला मी पाहिला आहे. “मास्तर, अंगठा लागत नाय,” असे तो सांगतो, आणि असे सांगतो की जणू कसूर अंगठ्याचीच! कोयत्याने, मातीने, खाऱ्या पाण्याने बोटांच्या रेघा झिजून जातात. काम करणाऱ्या हाताला हे यंत्र ओळखत नाही. चौतीस वर्षे खडू धरलेले माझे बोट त्याने पहिल्या खेपेला ओळखले, याचा मला फारसा अभिमान वाटला नाही.

शेवटी तयार तिजोरीचा नाद सोडला आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. चार फूट उंचीचे उभे कपाट, तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा, बिजागऱ्या आतल्या अंगाला, आणि बोटाचे कुलूप बाजारातून आणून बसवायचे. कारागीर पन्नाशीचा, कमी बोलणारा. कुलूप बसवल्यावर त्याने चाचणीसाठी स्वतःचे बोट ठेवले. लाल दिवा. दुसरे ठेवले. लाल. दहाही बोटे झाली. एकही नोंदवून घेईना. तीस वर्षे वेल्डिंग आणि ग्राइंडिंग केलेले हात! तो हसला आणि म्हणाला, “बरं आहे सर. उद्या चोरी झाली तर माझ्यावर तरी आळ नको.”

इथवर सारे यांत्रिक होते आणि मला त्यात रसही होता. अडले ते दुसरीकडेच.

३१ जुलै २०२३ ची पहाट आमच्याकडे कुणी विसरलेले नाही. जयपूरहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत, पालघर मागे पडल्यावर, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने हातातल्या सरकारी बंदुकीने आपला वरिष्ठ आणि तीन उतारू अशा चौघांना ठार केले. बंदूक चोरीची नव्हती. ती त्याला रीतसर दिलेली होती आणि हात ज्याचा असायला हवा त्याचाच होता. माझे कुलूपपुराण ऐकता ऐकता आमच्या हिने मध्येच त्या गाडीची आठवण काढली आणि म्हणाली, “अहो, पण माणूस रागावला तरी त्याचं बोट तेच राहतं ना?”

मला उत्तर सुचले नाही. रागावला तरी, असे ती म्हणाली. पण दोघांच्याही मनात राग नव्हता, दुसरेच काही होते, आणि ते आम्ही कधी मोठ्याने बोललेलो नाही.

धाकटा भाऊ बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात होता. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी कारखाना बंद पडला. एकवीस वर्षांची नोकरी. पहिले दोन महिने तो रोज डबा घेऊन घरून निघायचा आणि स्टेशनवर बसून संध्याकाळी परत यायचा, हे आम्हाला फार उशिरा कळले. मग त्याने बोलणे सोडले. आम्ही त्याला पालघरला आमच्याकडे घेऊन आलो. खिडकीशी बसून असायचा. पान वाढले तर जेवायचा, न वाढले तर मागायचा नाही. डॉक्टरांनी औषधे सुरू केली आणि मला बाजूला घेऊन विचारले, “घरात फवारणीचं औषध आहे? दोर? एखादं हत्यार?” मी म्हटले, “बंदूक होती, ती पोलिसांत जमा आहे.” ते म्हणाले, “असू द्या तिथंच. आणि फवारणीचं औषध वाडीवर नेऊन कुलपात ठेवा.”

त्यांनी मग समजावून सांगितले. असा क्षण पुष्कळदा फार वेळ टिकत नाही. तेवढ्या वेळात हाताशी काही नसले, उठून शोधावे लागले, कुणाला तरी विचारावे लागले, तर माणूस पुष्कळदा वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली आणि आत्महत्या निम्म्याहूनही कमी झाल्या. लोकांची दुःखे काही निम्मी झाली नसतील. मी त्याच संध्याकाळी दोन डबे स्कूटरवर घालून वाडीवर पोचवले. परवान्याचा कागद लवकर हलावा म्हणून त्या सबंध काळात कचेरीत एकदाही खेटा घातला नाही. तो जितका पडून राहील तितके बरे, असे वाटे. त्याने हळूहळू औषध मानले. आता तो पुष्कळ बरा आहे. बोईसरलाच एका गोदामात हिशेब पाहतो, घरी बायकोवर खेकसतोसुद्धा, आणि त्याची बायको हे मला मोठ्या आनंदाने फोन करून सांगते.

२०२५ साली परवाना हाती आला तेव्हा या सगळ्याचा विचार करणे भागच होते. भावाचे बोट नोंदवण्याचा प्रश्न नव्हता. कायद्यानेच तो मिटवला होता. प्रश्न माझ्या बोटाचा होता. माझ्यावर तसा दिवस येणार नाही असे कुणी लिहून दिले आहे? भावावर येईल असे तरी कुणाला वाटले होते? आम्हा सगळ्यांत हसरा तो.

तोडगा निघाला तो हिच्याकडून. “दोन कुलपं करा. एक तुमच्या बोटाचं, एक किल्लीचं. किल्ली माझ्याकडे.” म्हणजे माझ्यावाचून तिला कपाट उघडता येणार नाही आणि तिला विचारल्यावाचून मला. फॅब्रिकेशनवाल्याने बोटाच्या कुलपाखाली एक जुन्या पद्धतीचे भक्कम लिव्हरचे कुलूप बसवून दिले. काडतुसे या कपाटात नाहीतच. त्यांची लोखंडी डबी वेगळी, वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. उंच आणि अरुंद कपाट कलंडते, म्हणून ते भिंतीला चार अँकर बोल्टांनी जखडले. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे जमीन अधूनमधून हादरते आहे. आमच्याकडे तिचा जोर पोचत नसला तरी बोल्टाला खर्च तो किती? समुद्राची हवा हा आमचा खरा चोर. कॅनव्हासच्या गवसणीत बंदूक घालून कपाटात कोंडली की गवसणी दमट हवा धरून ठेवते आणि नळीवर गंज चढतो. म्हणून गवसणी काढून टाकली, नळ्यांना तेलाचा हात दिला आणि तळाशी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. महिन्यातून एकदा आम्ही दोघे मिळून ते उघडतो. हे आता एखाद्या व्रतासारखे झाले आहे.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. बोटाच्या बहुतेक कुलपांना आणखी एक गुप्त किल्ली असते. बॅटऱ्या संपल्या किंवा यंत्र बिघडले तर उघडायला, पुढच्या झाकणाखाली एक भोक असते, त्यात घालायची. म्हणजे एवढे विज्ञान, एवढा पैसा, आणि शेवटी बोटाची सुरक्षितता जाऊन टेकते ती त्या दोन इंची किल्लीवर! ती कुठे ठेवावी याचा आम्ही खल करीत होतो. मी खोलीभर नजर फिरवली. तीही फिरवीत होती. आणि दोघांची नजर एकदम दत्ताच्या तसबिरीवर गेली. मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी ती किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये गेली.

या भाऊबीजेला भाऊ सहकुटुंब आला होता. आमची बहीण वापीहून आली होती, घर भरले होते. जेवणे झाल्यावर तो सुपारी कातरीत आतल्या खोलीत आला आणि कपाटासमोर उभा राहिला. दारावरून हात फिरवला, बिजागऱ्या पाहिल्या. कारखान्यात काम केलेल्या माणसाची नजर.

“पत्रा तीनचा?” त्याने विचारले.

“तीनचा.”

“वेल्डिंग सफाईदार आहे.” मग तो काचेच्या त्या चौकोनाकडे बघत राहिला. “दादा, माझं बोट नाही ना घेतलंस यात?”

“नाही. कुणाचंच नाही घेतलं. माझंही एकट्याचं चालत नाही.”

“म्हणजे?”

मी त्याला खालचे कुलूप दाखवले आणि किल्ली कुणाकडे असते ते सांगितले. त्याने मान हलवली. थोडा वेळ तो नुसता उभा राहिला. मग स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून त्याने हाक मारली, “वहिनी, किल्ली नीट ठेवा हं! आणि चहा टाका, आम्ही दोघं येतोय.”